उजवं फूल

"तू सांग," उपेंद्रराव म्हणाले.

‘तू’ म्हणाले तरी नयनाला वाटलं, ते डॉक्टरांना म्हणतायत. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, तर डॉक्टर तिच्याकडे पाहत होते. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर तेही तिच्याकडेच. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेल्या बाईला एवढं साधं बोलणं कळायला वेळ लागला, कारण त्या तोंडून तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

उपेंद्र निपाणीकरांच्या घरात सांगायचं खातं उपेंद्र निपाणीकरांकडे होतं. बनशंकरीत प्लॉट घ्यायचा की भाड्याने राहायचं, मुलाने इंजिनिअर व्हायचं की आणखी काही (आणखी काही असं काही नव्हतंच), हॉलला रंग कुठला, मोरी घासायचा ब्रश कसला, सगळं त्यांनी ठरवलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जालहळ्ळीच्या सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी यंत्रांचे सुटे भाग पास-नापास करण्यात काढली, आणि ती सवय घरी येताना कारखान्याच्या गेटवर ठेवून यायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दर्शिनीत उभ्याने खायला गेले की ते प्रेमाने विचारायचे, "काय घेणार नयना?" आणि तिने तोंड उघडायच्या आत काउंटरवर सांगून मोकळे व्हायचे, "एरडु मसाले दोसे." दोन मसाला डोसे. नयनाला खरं तर इडली आवडायची. पण इडली म्हणण्याइतका वेळ तिला कधी मिळालाच नाही.

आज मात्र त्यांनी विचारलं आणि ते चक्क थांबले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते असं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी छातीपासून पोटापर्यंत फुगली होती आणि फुगलेल्या जागी पातळ झाली होती. "म्हणजे जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसं," उपेंद्ररावांनीच मध्ये समजावून सांगितलं. नळीबिळी काही निघालं की त्यांना राहवत नसे. ऑपरेशन केलं तर दहातले तीन टेबलावरून परत येत नाहीत, आणि येतात त्यांतल्या काहींचे पाय लुळे पडतात. नाही केलं तर ती नळी कधीतरी फुटणार. उद्या फुटेल किंवा दोन वर्षांनी. फुटल्यावर हॉस्पिटल गाठायला कुणाला फारसा वेळ मिळत नाही.

"तुम्ही दोघं बोला," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारपर्यंत मला सांगा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर नयना म्हणाली, "अहो, मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतं?"

"मला तरी काय कळतंय?" उपेंद्रराव म्हणाले. "पन्नास वेळा दोन्ही बाजू मांडून बघितल्या. सारख्याच होतात. आजवर मी पुष्कळ सांगितलं नयना. हे तू सांग."

एवढं बोलून ते लिफ्टपाशी गेले आणि बटण दाबायचं सोडून बटणाकडे बघत उभे राहिले. नयनाने पुढे होऊन बटण दाबलं.

रिपोर्ट आल्यापासून त्यांचं असंच झालं होतं. पूर्वी दर महिन्याला शिडी लावून गच्चीवरची टाकी धुणारा, दाढी करताना जोरजोरात शीळ घालणारा माणूस आता पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालल्यासारखा घरात वावरायचा. बादली उचलायची नाही. वाकायचं नाही. शिंक आली तर नाक दाबून आतल्या आत जिरवायची. रात्री कुशीवर वळतानासुद्धा आधी पोटावर हात ठेवायचा आणि मग वळायचं. शिडी भिंतीला लागलेली होती तशीच राहिली होती आणि तिच्यावर कुणीतरी फडकं वाळत घातलं होतं. ते नयनानेच घातलं होतं, पण रोज ते पाहून तिला रडू यायचं.

संध्याकाळी एचएसआर लेआउटहून मुलगा आणि सून आले. पुष्कर आल्या आल्या चप्पल काढायच्या आतच सुरू झाला.

"आई, प्लीज हो म्हणू नकोस. थर्टी परसेंट म्हणजे जोक नाहीये. बीपी कंट्रोल ठेवू, मीठ बंद करू. हजारो लोक औषधांवर जगतात."

"आणि मध्येच काही झालं तर रे?" यशश्री म्हणाली. ती पुण्याची, मनात येईल ते सरळ बोलणारी. "आपण सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलेलो असणार आणि आई इथे एकट्या."

"यशश्री, तू नको ना आता."

"माझ्याकडे बघू नका," उपेंद्रराव खुर्चीतून म्हणाले. "नयना सांगेल."

तेवढ्यात आत खेळत असलेली ईरा बाहेर धावत आली. चार वर्षांची पोर, आजोबा दिसले की दोन्ही हात वर करून अंगावर झेप घ्यायची, आणि आजोबा तिला उचलून पंख्यापर्यंत न्यायचे. हा त्यांचा नेहमीचा कार्यक्रम होता. उपेंद्ररावांचे हात आपोआप पुढे आले. मग ते थांबले. त्यांनी हात मागे घेतले, पाठीमागे नेले, आणि म्हणाले, "आजोबांचा हात दुखतोय राजा. आज नको."

ईरा हात वर करून तशीच उभी राहिली. मग तिने ते स्वतःच खाली घेतले. पुष्कर फोनवर काहीतरी वाचत होता, यशश्री पाणी आणायला गेली होती. हे फक्त नयनाने पाहिलं. तिने पाहिलं हे उपेंद्ररावांनी पाहिलं, आणि ते उठून हळूहळू आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी दुपारी राहुकाळात नयना देवीला लिंबाचे दिवे लावत असे. गल्लीच्या टोकाला, पार्कच्या कुंपणाला टेकून दुर्गेचं एक लहानसं देऊळ होतं. लिंबं अर्धी कापायची, रस पिळून घ्यायचा, सालीच्या वाट्या उलटून त्यांत तूप-वात घालायची. रस वाया कसा घालवायचा, म्हणून दर मंगळवारी उपेंद्ररावांना सरबत मिळे. "तुझ्या देवीचा मला एवढाच उपयोग," असं म्हणत ते पेला तोंडाला लावत, आणि पहिल्या घोटाला तक्रार ठरलेली असे. "साखर कमी आहे." साखर कमी असायचीच, त्यांच्यासाठी नयना मुद्दाम कमी घालायची. हा संवाद इतक्या मंगळवारी झाला होता की त्यात आता दोघांनाही तक्रार ऐकू येत नसे.

त्या देवळात फूल विचारायची पद्धत होती. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेलं एकेक शेवंतीचं फूल चिकटवतात. आपण मनात प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर कर, डावं पडलं तर नको. नयनाच्या आईने सगळा संसार या फुलांवर रेटला. नयनाचं लग्नसुद्धा उजवं पडलं म्हणून जमलं. उपेंद्ररावांना हे सांगायची चूक तिने लग्नाच्या पहिल्या वर्षात केली आणि जन्मभर ऐकून घेतलं. "देवीला ट्रॅफिक सिग्नल करून ठेवलंय तुम्ही लोकांनी," ते म्हणायचे. "त्या दिवशी देवळातला पंखा चालू असणार. नाहीतर माझ्यासारखा नवरा कोण पास करेल?"

आज लिंबं घेऊन निघताना ती दारात म्हणाली, "मी फूल विचारून येते."

ते हसले नाहीत. "विचार," म्हणाले.

देवळात बायकांची गर्दी सरली होती. पुजारी भीमाचार्य गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. किडकिडीत म्हातारा माणूस. घरात त्यांच्या आजोबांपासूनची मराठी, त्यात निम्मं कन्नड, आणि आवाज असा हळू की मंत्रसुद्धा देवीच्या कानात सांगितल्यासारखे.

"फूल विचारायचंय आचार्य."

"सरी, चालेल. मनात विचारा अक्का. मला सांगू नका."

त्यांनी फुलं भिजवली, देवीच्या खांद्यांवर ठेवली, आणि बाहेर येऊन आठवणीने भिंतीवरचा पंखा बंद केला. नयनाला एकदम हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. तिने हात जोडले. ऑपरेशन करू का नको, आई? मला काही कळत नाही. तू सांग.

ती बसून राहिली. दिव्यांतलं तूप संपत आलं. एकेक वात वाकडी होऊन विझली, लिंबाच्या सालीचा करपट वास सुटला. फुलं जागची हलली नाहीत. एकदा उजव्या फुलाची एक पाकळी थरथरली आणि नयना पुढे सरकली. पाकळी थरथरली आणि पुन्हा गप्प झाली. राहुकाळ संपला, रस्त्यावर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला, भीमाचार्यांनी दोनदा मान वाकडी करून आत पाहिलं.

"आज बोलायची नाही ती," शेवटी ते म्हणाले. "कधी कधी गप्प बसते. शुक्रवारी या अक्का."

"शुक्रवारपर्यंत वेळ नाही हो."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. मग परत आला, आणि त्यांनी तो उपरण्याला पुसला.

नयना बाहेर पडली तेव्हा तिला देवीचा राग आला होता. घरी नवरा म्हणतो तू सांग, इथे ही म्हणते तू सांग. एवढ्या वर्षांत मला साधी इडली सांगू दिली नाही कुणी, आणि आज हे सांगायला मीच सापडले? ती गल्लीतून अशी तरातरा चालत आली की इस्त्रीवाला बघत राहिला. फाटकाशी आली आणि तिचे पाय मंदावले.

उपेंद्रराव व्हरांड्यात बसले होते. पोटावर हात होता. तिला पाहून त्यांनी तो पटकन खाली घेतला आणि चेहऱ्यावर जुनी थट्टा आणायचा प्रयत्न केला.

"काय म्हणते तुझी बाई?"

नयनाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे भिंतीला शिडी होती, शिडीवर फडकं होतं. त्यांचा हात आता खुर्चीच्या दांड्यावर होता आणि हळूहळू, त्यांना नकळत, पुन्हा पोटाकडे निघाला होता.

"उजवं पडलं," ती म्हणाली.

"पंखा चालू होता?"

"बंद होता." हे तर खरंच होतं.

उपेंद्ररावांनी जो श्वास सोडला तो रिपोर्ट आल्यापासून कोंडून ठेवलेला असावा. "मग सरी," ते म्हणाले. "करून टाकू." थोड्या वेळाने त्यांनी आतून विचारलं, "आज सरबत नाही का?" तिने घाईघाईने सरबत केलं. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." आणि संध्याकाळी भलत्याच वेळी दाढी करायला बसले. दाढी करताना शीळ घातली. स्वयंपाकघरात ओट्याला धरून नयना ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

पुष्करने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "आई, बाबांचं लाइफ तू एका फुलावर ठरवलंस? सीरियसली?" नयना "हो" म्हणाली. पण गंमत अशी की दोन दिवसांनी तोच पुष्कर ऑफिसमधून परस्पर देवळात जाऊन नारळ फोडून आला. यशश्रीने पुण्याला आईला सांगितलं, तिने तिकडे उपास धरला. शेजारच्या नीलिमाबाई "उजवं पडलंय ना, मग काळजी नको" असं रोज कुंपणावरून सांगू लागल्या. घाबरलेल्या माणसांना धरायला काहीतरी लागतं. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ते न पडलेलं फूल सगळ्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं, आणि मोकळ्या हाताची एकटी नयना होती.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांत उपेंद्रराव लहान दिसत होते. पुष्कर खाली काउंटरला गेला होता. त्यांनी चष्मा आणि घड्याळ काढून नयनाच्या हातात दिलं.

"नयना, ते फुलाचं..."

"काय फुलाचं?"

ते चष्म्याशिवाय तिच्याकडे पाहत राहिले. "काही नाही. मी विचारणार नाही. मला फुलाशी काय करायचंय? तू हो म्हणालीस ना. बास."

सांगून टाकावं, असं तिला वाटलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. पण त्यांचा चेहरा इतका शांत होता, की तो हिसकावून घ्यायचा धीर तिला झाला नाही.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"आता नाही." मग ते म्हणाले, "घरी आलो ना, की दर्शिनीत जाऊ. या वेळी तू मागव. मी मध्ये बोलणार नाही."

"मी इडली मागवीन."

"इडली?" ते उशीवरून मान उचलून बघायला लागले. "तुला इडली आवडते?"

नयना हसली. दोन वॉर्डबॉय आणि सिस्टर आले, सिस्टर "टाइम आयितु सर", वेळ झाली, असं म्हणाली आणि खाट हलली. नयना बरोबर चालत राहिली, दारापर्यंत. दार बंद होताना त्यांनी मान वळवली. ते खरोखरच चकित झाले होते.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. त्यांनी इंग्रजीत, मग हिंदीत, हात हलवून पुष्कळ सांगितलं: नळी कुठे किती पातळ होती, टाका कुठे धरला नाही, त्यांनी काय काय केलं. पुष्कर लहान मुलासारखा "पण... पण..." करत राहिला. नयनाने सगळं ऐकलं आणि तिला एवढंच कळलं की तिला उत्तर द्यायचं होतं आणि विचारणारा गेला.

मग माणसं आली. जे. पी. नगरहून त्यांचे कारखान्यातले दोस्त कृष्णाजी आले आणि शिडीकडे बघत बसले. बाकीचे बोलत होते. "देवीने कौल दिला होता हो, आणि तरी असं?" "आजकाल देवाचाही भरवसा नाही." "तुम्ही काय करणार नयनाताई, तुमच्या हातात काय होतं?" दिवस झाल्यावर पुष्करने देवघरातली दुर्गेची तसबीर उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "हिच्यावर विश्वास ठेवला आपण," एवढंच म्हणाला.

नयना गप्प राहिली. गप्प राहणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आधार वाटत होता. सगळ्यांना रागवायला एक जागा मिळाली होती आणि ती जागा तिची नव्हती. मात्र सकाळी पूजा करताना तसबिरीची रिकामी, पांढुरकी चौकट भिंतीवर दिसे, आणि तिथे हात जोडायची तिला लाज वाटे.

महिन्याभराने एका मंगळवारी पुष्कर रजा घेऊन आला. आईने आता एचएसआरला राहायला यायचं, हे त्याने ठरवलं होतं. तो आत खोक्यांत पुस्तकं भरत होता तेव्हा फाटकाशी भीमाचार्य दिसले. उन्हातून आले होते, पण आत येईनात.

"यायला उशीर झाला अक्का. सूतक संपू दे म्हटलं." ते फाटकाची कडी चाचपत उभे राहिले. "सर चांगले होते. माझ्या देवळाच्या दिव्याची वायर त्यांनीच बसवून दिली. चेष्टा करत करत दिली."

या एका माणसाला माहीत होतं. तो तिथे होता.

"लोक मला विचारतात," ते आणखी हळू म्हणाले. "फूल खोटं कसं झालं म्हणतात. आता कुणी फूल विचारायला येत नाही."

"तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगणार? गप्प बसतो. तुम्हीही काही बोलू नका अक्का. बोलेनात का लोक. ती दगडाची आहे, तिला सोसतं. तुम्ही स्वल्प जपा."

तेवढ्यात पुष्कर बाहेर आला. भीमाचार्यांना पाहून त्याचा चेहरा बदलला.

"काय पाहिजे? आता काय घ्यायला आलात?"

"पुष्कर," नयना म्हणाली.

"नाही आई, बोलू दे मला. उजवं म्हणे! माझ्या बापाचा जीव गेला तुमच्या उजव्या-डाव्यात. माणसं हतबल असतात आणि तुम्ही त्यांना फुलं दाखवता? लाज नाही वाटत?"

भीमाचार्यांनी मान खाली घातली. घामाने भिजलेलं उपरणं सावरत, वर न बघता, दुसऱ्याचं बोलणं आपल्या अंगावर घेत तो म्हातारा फाटकाशी उभा राहिला. नयनाला ते पाहवेना.

"फूल पडलंच नव्हतं," ती म्हणाली.

पुष्कर थांबला. "काय?"

"पडलं नव्हतं फूल. उजवंही नाही आणि डावंही नाही. आचार्य तिथेच होते. देवी काही बोलली नाही. मी घरी येऊन सांगितलं, उजवं पडलं म्हणून. ते माझं होतं. देवीला नका बोलू."

भीमाचार्य हळूच वळले आणि निघून गेले. पुष्कर आईकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होता.

"म्हणजे तू ठरवलंस?"

"हो."

"कशावरून?"

"त्या दिवशी ईरा धावत आली, हात वर करून. आणि त्यांनी आपले हात मागे घेतले." तिने शिडीकडे पाहिलं. "शिंकायला घाबरत होते रे ते. असं त्यांना किती दिवस बसवून ठेवायचं होतं? मला वाटलं, ते वाचतील. मला खरंच वाटलं, वाचतील."

"मी नको म्हणत होतो आई."

"हो."

"मी नको म्हणत होतो."

"हो रे. म्हणत होतास."

तो खोकी तशीच टाकून बाहेर गेला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. नयना गाडी सुरू व्हायची वाट बघत उभी राहिली. गाडी सुरू झाली नाही.

मग ती स्वयंपाकघरात गेली. टोपलीत लिंबं होती. तिने ती कापली, रस पिळला, साली उलटून त्यांच्या वाट्या केल्या, त्यात तूप-वाती घातल्या. हे करताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. रस उरला होता. तिने सवयीने सरबत केलं, पेल्यात ओतलं, आणि ते कुणासाठी केलं हे पेला भरल्यावर तिच्या लक्षात आलं.

एका हातात दिव्यांचं ताट आणि एका हातात पेला घेऊन ती बाहेर आली. पुष्कर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. तिने काचेवर पेला वाजवला. त्याने काच खाली घेतली. डोळे लाल होते.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही," नयना म्हणाली. "विचारणार नाही, असं म्हणाले."

त्याने पेला घेतला. किती तरी वेळ नुसता धरून ठेवला, मग एक घोट घेतला. "साखर..." एवढंच तो म्हणाला. नयनाने खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि ती देवळाकडे चालू लागली.

देवळात तिला पाहून बायकांनी सरकून जागा करून दिली, जरा जास्तच जागा. तिने दिवे मांडले आणि लावले. भीमाचार्यांनी गाभाऱ्यातून पाहिलं, आणि त्यांचा हात शेवंतीच्या टोपलीकडे गेला.

"नको आचार्य," नयना म्हणाली. "आज काही विचारायचं नाही."

ती वाती विझेपर्यंत बसली. ती निघायला उठली तेव्हा भीमाचार्य कुंकवाचं ताट घेऊन बायकांपुढून येत होते. तिच्यापाशी आल्यावर त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला. मग मागे वळून ते आत गेले, देवीच्या अंगावरचं एक फूल काढलं आणि आणून तिच्या ओंजळीत ठेवलं.

ते कुठल्या बाजूचं होतं, ते तिने पाहिलं नाही.